ओस्तिया आन्तिका : रोमच्या प्राचीन बंदराचे अवशेष कसे पाहावेत

रोमला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी कलोसियम आणि व्हॅटिकन पाहून परततात, आणि ज्यांना प्राचीन अवशेषांची विशेष ओढ असते ते आणखी एक दिवस काढून नेपल्सजवळच्या पाँपेईपर्यंत जातात. रोमपासून लोकलने अर्ध्या तासावर, टायबर नदीच्या जुन्या मुखाशी असलेले ओस्तिया मात्र त्यांच्या बेतात क्वचितच असते. पाँपेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली एकाएकी गाडले गेले, म्हणून तेथे एका क्षणाचे शहर दिसते. ओस्तिया नदीच्या गाळाने, हिवतापाने आणि व्यापार दुसरीकडे सरकल्याने शतकानुशतके हळूहळू ओस पडले, त्यामुळे येथे इ.स.पूर्व चौथ्या शतकातील लष्करी ठाण्यापासून रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातील श्रीमंत घरांपर्यंतचे थर एकमेकांना लागून उभे आहेत. दुसऱ्या शतकात, भरभराटीच्या काळात, येथे सुमारे 50,000 लोक राहत असावेत असा अंदाज केला जातो. त्यांत आफ्रिकेचे जहाजमालक, इजिप्तच्या देवांचे भक्त, यहुदी कुटुंबे, ग्रीक नावांचे मुक्त गुलाम आणि पुढे ख्रिस्ती झालेले लोकही होते.

हे शहर नकाशावरील इमारतींच्या क्रमाने पाहू नये, माणसांचा माग काढत पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोण कोठून आला, काय काम करीत होता, कोणत्या देवापुढे उभा राहत होता आणि आपले नाव कोणत्या भाषेत कोरवीत होता, हे चार प्रश्न मनात ठेवून फिरल्यास एकसारख्या दिसणाऱ्या विटांच्या भिंतींमधला फरक कळू लागतो. पुढील सूचना त्याच हेतूने दिल्या आहेत.

जाण्याची तयारी

रोमच्या मेट्रोच्या बी मार्गावर पिरामिदे हे स्थानक आहे. त्याला लागूनच पोर्ता सान पाओलो स्थानक आहे आणि तेथून समुद्राकडे जाणारी लोकल सुटते. या गाडीला शहरी वाहतुकीचे नेहमीचे तिकीट चालते, वेगळे तिकीट काढावे लागत नाही. ‘ओस्तिया आन्तिका’ याच नावाच्या स्थानकावर उतरावे. त्यापुढची लिदो नावाची स्थानके आजच्या समुद्रकिनारी वस्तीची आहेत आणि नावातल्या सारखेपणामुळे पुष्कळ लोक तेथपर्यंत जाऊन परत येतात. स्थानकातून बाहेर पडल्यावर पादचारी पुलाने मोठा रस्ता ओलांडला की काही मिनिटांत प्रवेशद्वार येते.

सोमवारी हे स्थळ बंद असते. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि शेवटचा प्रवेश त्याच्या बराच आधी थांबतो, म्हणून निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाच्या वेळा पाहून घ्याव्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतील सरकारी पुरातत्त्व स्थळांना प्रवेशशुल्क नसते; पण त्या दिवशी गर्दी असते, आणि शांतपणे पाहण्याचे हे ठिकाण असल्याने मी तो दिवस निवडण्याचा सल्ला देणार नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने सर्वांत बरे. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावरचा उष्मा आणि डास दोन्ही त्रास देतात, तर हिवाळ्यात काही मोझेक, म्हणजे दगडांच्या बारीक तुकड्यांची जमिनीवरील चित्रे, संरक्षणासाठी झाकून ठेवलेली असू शकतात.

रस्ते काळ्या बसाल्टच्या मोठ्या दगडांचे असून झिजून उंचसखल झाले आहेत, त्यामुळे जाड तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट घालावेत. वृद्ध आई-वडील सोबत असतील तर त्यांच्यासाठी नाट्यगृहापर्यंतचा टप्पा पुरेसा समजावा, कारण त्यापुढे विसाव्याची सोय फारशी नाही. आत उपाहारगृह आणि पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, तरी बाटली आणि थोडा कोरडा खाऊ जवळ असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागदी नकाशा घ्यावा. आतल्या गल्ल्या एकमेकींसारख्या आहेत, आणि ज्या जागा खरोखर पाहण्यासारख्या आहेत त्यांतील कित्येक मुख्य रस्त्यापासून आत, भिंतींच्या आड आहेत.

वेळेचे गणित हा येथे कळीचा मुद्दा आहे. शहराचा मुख्य रस्ता, ज्याला देकुमानुस माक्सिमुस म्हणतात, तो एक किलोमीटरहून लांब आहे. बहुतेक पर्यटक पहिल्या एक-तृतीयांश भागात सगळी शक्ती खर्च करतात आणि मध्यवर्ती चौकातून मागे फिरतात. अनेक समाजांच्या सहवासाचा सर्वांत ठळक पुरावा मात्र रस्त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, शहराच्या वेशीबाहेर आहे. म्हणून सकाळी दार उघडताच आत जावे आणि किमान पाच तास हाताशी ठेवावेत.

वेशीपासून पेढ्यांच्या चौकापर्यंत

आत गेल्यावर प्रथम थडग्यांची रांग लागते, कारण रोमन कायद्याप्रमाणे अंत्यसंस्कार वेशीबाहेरच करावे लागत. पोर्ता रोमाना या वेशीतून पुढे गेले की उजव्या हाताला नेपच्यूनची स्नानगृहे आहेत. तेथे जिना चढून वर जावे, कारण समुद्री घोड्यांच्या रथावर बसलेल्या नेपच्यूनचे भव्य काळे-पांढरे मोझेक वरूनच नीट दिसते. मराठी वाचकाने येथे एक आठवण ठेवावी : हाच सागरदेव, त्याच्या ग्रीक रूपात, म्हणजे पोसायडनच्या छोट्या ब्राँझ मूर्तीच्या रूपात, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडला आहे आणि ती मूर्ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयाची शान समजली जाते. भूमध्य समुद्राच्या व्यापारातील वस्तू पंचगंगेच्या काठापर्यंत पोहोचत होत्या, याचा तो हाती धरता येण्याजोगा पुरावा आहे.

स्नानगृहांच्या मागे अग्निशामक दलाचे ठाणे आहे. धान्याच्या वखारींच्या शहरात आगीची भीती किती असेल हे त्यावरून समजते. ते धावते पाहून नाट्यगृहाकडे वळावे. हे नाट्यगृह सम्राट ऑगस्टसच्या काळात त्याचा सेनापती अग्रिप्पा याने बांधले, पुढे ते वाढवले गेले, आणि आज त्याच्या पायऱ्या बऱ्याच अंशी नव्याने रचलेल्या आहेत. त्या पायऱ्यांवर बसून रंगमंचापलीकडे दिसणारा मोठा चौक आधी पूर्ण न्याहाळावा आणि मगच खाली उतरावे.

हा व्यापारी मंडळांचा चौक, इटालियन नावाने पियात्साले देल्ले कोर्पोरात्सियोनी, ओस्तियाच्या भेटीतील सर्वांत मोलाची जागा आहे आणि येथे एक तास द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. मध्ये एक मंदिर आणि तिन्ही बाजूंनी साठेक लहान खोल्या अशी त्याची मांडणी आहे. या खोल्या म्हणजे वेगवेगळ्या बंदरांच्या जहाजमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्येकीच्या दारापुढील जमिनीवर मोझेकमध्ये पाटी घडवलेली आहे. लिबियातील साब्राथाच्या पाटीवर हत्ती आहे. ट्युनिसजवळच्या कार्थेजच्या जहाजमालकांची पाटी आहे, सार्डिनिया बेटावरील कारालिस म्हणजे आजच्या काल्यारीची आहे, दक्षिण फ्रान्समधील नार्बोनची आहे, अलेक्झांड्रियाचीही आहे. अक्षरे नीट पाहिल्यास ‘नाविक्’ किंवा ‘नाविकुलारी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याचा अर्थ जहाजमालक. ‘स्टाट्’ म्हणजे पेढी किंवा ठाणे. एवढे दोन शब्द ओळखता आले तरी लॅटिन न येणाऱ्यालाही जमिनीवरच्या पाट्या वाचता येऊ लागतात.

येथे घाईने छायाचित्रे काढून पुढे जाण्यापेक्षा एक काम करावे. प्रत्येक पाटीवरील गावाचे नाव नकाशावर शोधावे आणि ती बहुतांश आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर येतात हे पाहावे. रोमचे धान्य आणि तेल मोठ्या प्रमाणात तेथून येत होते. म्हणजे रोमच्या दारातली भाकर आफ्रिकेच्या शेतकऱ्यावर आणि नाखव्यावर अवलंबून होती. एकाच धंद्यातील लोकांनी संघटित होऊन मंदिरांना आणि सार्वजनिक कामांना पैसा देण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही, कारण नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांतही विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत.

भारतातील माल थेट ओस्तियाला येत नव्हता, हेही लक्षात ठेवावे. कल्याण, सोपारा, चौल अशा आपल्या किनाऱ्यावरील बंदरांची नावे पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दींच्या मार्गदर्शिकेत आहेत. या किनाऱ्यांवरून निघालेली जहाजे तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बंदरांना लागत, तेथून माल उंटांवर वाळवंटातून नाईलपर्यंत आणि होडीने अलेक्झांड्रियाला जाई, आणि त्यापुढे तो भूमध्य समुद्रातून रोमच्या दिशेने येई. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणारे म्हणून ज्या यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परकीयांची, नावे कोरली आहेत, ते याच व्यापाराच्या दुसऱ्या टोकाचे लोक होते असे मानण्यास जागा आहे. ज्याने कार्ले पाहिले आहे त्याला या चौकात उभे राहिल्यावर परके वाटणार नाही.

राहणारे, राबणारे

चौकातून निघून दियाना मार्गाने पुढे गेल्यावर तीन-चार मजली इमारतींचे खालचे मजले दिसतात. खाली दुकाने, वर भाड्याच्या खोल्या आणि मध्ये सामाईक चौक अशी ही रचना गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. याच मार्गावर एक खाणावळ आहे. तिचा संगमरवरी ओटा जागेवर आहे आणि भिंतीवर खाद्यपदार्थांचे चित्र आहे. जवळच पिठाच्या गिरण्या आहेत, ज्यांची काळ्या ज्वालामुखी दगडाची मोठाली जाती जनावरांकडून फिरवली जात.

मध्यवर्ती चौकातील उंच विटांचे मंदिर, कापितोलियुम, हे शहरातील अधिकृत रोमन धर्माचे ठिकाण. ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांचे. त्यावरील संगमरवर पुढच्या काळात इतर बांधकामांसाठी काढून नेला गेला. ते पाहावे, पण त्यावर फार वेळ घालवू नये. साम्राज्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात अशी मंदिरे होती.

त्यापेक्षा जवळची एपागाथुस आणि एपाफ्रोदितुस यांची वखार पाहावी. दारावरील संगमरवरी पाटीवर दोन्ही नावे आजही स्पष्ट वाचता येतात. ही ग्रीक नावे मुक्त झालेल्या गुलामांची असावीत असे अभ्यासक मानतात, आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यात त्यांची स्वतःच्या नावाची, भक्कम दारे-कुलपांची खासगी वखार होती. येथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे मनात धरावी. ओस्तियातील विविधता केवळ व्यापाऱ्यांच्या आवडीने जमलेली नव्हती; पुष्कळ माणसे साखळदंडात येथे आणली गेली होती. त्यांतील काहींना मुक्ती आणि पैसा मिळाला आणि त्यांची नावे दगडावर राहिली. ज्यांना मिळाला नाही, त्यांची नावे कोठेही नाहीत.

नदीकडे जाणाऱ्या फोचे मार्गावर धान्य मोजणाऱ्या मापाड्यांच्या संघाचे दालन आहे. त्याच्या जमिनीवरील मोझेकमध्ये पोते वाहणारा हमाल, भरलेले माप आणि त्यावरून काठी फिरवून धान्य समतल करणारा मापाडी दाखवला आहे. कोणत्याही बाजार समितीत धान्याची मोजणी पाहिलेल्या माणसाला हे चित्र कोणी समजावून द्यावे लागणार नाही.

देव शोधताना

ओस्तियात मिथ्रास या देवाची सुमारे अठरा पूजास्थाने सापडली आहेत. या देवाचे नाव इराणी मिथ्राचे, म्हणजे वैदिक मित्राच्या कुळातले आहे. पंथाचे रूप मात्र रोमन जगात घडले. ही पूजास्थाने लहान, अरुंद आणि जाणूनबुजून अंधारी असत; दोन्ही बाजूंना बसण्याचे लांब ओटे आणि टोकाला बैलाचा वध करणारा देव. ती घरांच्या मागच्या खोल्यांत, स्नानगृहांच्या तळघरांत, वखारींच्या कोपऱ्यांत आहेत, म्हणून ती नकाशावर आधी खुणा करूनच शोधावीत. दोन तरी पाहावीत. मिथ्रास स्नानगृहाच्या तळघरात वरच्या झरोक्यातून येणारा उजेड थेट मूर्तीवर पडतो. तेथील मूर्ती प्रतिकृती असून अथेन्सच्या क्रितोन या शिल्पकाराची मूळ मूर्ती स्थळावरील संग्रहालयात आहे. फेलिचिस्सिमुसच्या पूजास्थानात जमिनीवर शिडीसारख्या चौकोनांत कावळ्यापासून पित्यापर्यंतच्या सात दीक्षा-पायऱ्यांच्या खुणा आहेत. काही पूजास्थाने कुलूपबंद असतात. त्या वेळी कठड्याबाहेरून जेवढे दिसेल तेवढ्यावर समाधान मानावे, भिंतीवर चढू नये.

इजिप्तच्या सेरापिसचे मंदिरही याच पश्चिम भागात आहे. ते 24 जानेवारी 127 रोजी, सम्राट हेड्रियनच्या वाढदिवशी, अर्पण झाले, अशी नोंद शहराच्या कोरीव वार्षिक इतिवृत्तात आहे. प्रवेशाजवळ आपिस या पवित्र बैलाचे मोझेक आहे. धान्याची जहाजे जेथून येत त्या इजिप्तचा देव धान्यवखारींच्या शेजारी असावा, यात आश्चर्य नाही. दक्षिणेकडील पोर्ता लाउरेन्तिना वेशीजवळ फ्रिजियाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आलेल्या महामाता किबेलेचे त्रिकोणी आवार आहे. इ.स.पूर्व 204 मध्ये तिचा पवित्र काळा दगड समुद्रमार्गे आणला गेला तेव्हा त्याचे स्वागत ओस्तियातच झाले, असे रोमन इतिहासकार सांगतात. परतताना हे आवार पाहावे. तेथे गवत माजलेले असते आणि माणसे जवळजवळ नसतात.

आता ज्या जागेसाठी शक्ती राखून ठेवायला सांगितले त्या जागेकडे. मध्यवर्ती चौकातून देकुमानुसने सरळ पोर्ता मारीना वेशीबाहेर जावे आणि प्राचीन किनाऱ्याच्या दिशेने चालत राहावे. आज येथून समुद्र दिसत नाही, कारण गाळाने किनारा सुमारे तीन किलोमीटर पुढे ढकलला आहे. त्या काळी मात्र लाटा जवळच होत्या. येथेच 1961 मध्ये फियुमिचिनो विमानतळाचा रस्ता बांधताना यहुद्यांचे प्रार्थनागृह सापडले आणि मारिया फ्लोरियानी स्क्वार्चापिनो यांनी त्याचे उत्खनन केले. रोमला विमानाने येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण याच विमानतळावर उतरतात. आज दिसणारी बरीचशी वास्तू चौथ्या शतकातील आहे, तिच्याखाली त्याहून जुने बांधकाम आहे, आणि हे युरोपात सापडलेल्या सर्वांत जुन्या प्रार्थनागृहांपैकी एक समजले जाते.

चार उंच खांब दुरूनच दिसतात. धर्मग्रंथ ठेवण्याच्या देवळीच्या दगडी तुळयांच्या टोकांवर सात फाट्यांचा दीपवृक्ष कोरलेला आहे, तो नीट शोधावा. त्याच्या बाजूला शिंग आणि सणाला लागणारी फळ-फांदीही आहे. शेजारच्या खोलीत भट्टी आहे, म्हणजे येथे प्रार्थनेबरोबर स्वयंपाकही होत असे. या जागेतून मिळालेला मिंदिस फाउस्तोसचा शिलालेख मला ओस्तियातील सर्वांत बोलका वाटतो : पहिली ओळ लॅटिनमध्ये, सम्राटाच्या क्षेमासाठी, पुढचा मजकूर ग्रीकमध्ये, स्वतःच्या पैशाने पवित्र नियमशास्त्राची पेटी केल्याबद्दल. राज्याची भाषा राज्यासाठी आणि समाजाची भाषा देवासाठी, अशी ही वाटणी एकाच दगडावर झाली आहे. हे प्रार्थनागृह वेशीबाहेर का, याविषयी मते वेगळी आहेत. तेथे उभे राहून किनारा, रस्ता आणि वेस यांतील अंतर पाहिले की प्रश्न निदान नीट मांडता येतो.

परतताना आणि दुसऱ्या दिवशी

संग्रहालय शेवटी पाहावे. तेथील मूर्तींच्या जागा आधी डोळ्यांखालून गेल्या असतील तर त्या पोरक्या वाटत नाहीत. बाहेर पडल्यावर लगेच स्थानकाकडे न वळता रस्त्यापलीकडच्या जुन्या गावात जावे. पंधराव्या शतकातील किल्ल्याशेजारच्या सान्ता आउरेआ चर्चमध्ये ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टिन याची आई मोनिका हिच्या समाधिलेखाचा तुकडा आहे. उत्तर आफ्रिकेच्या या स्त्रीचा मृत्यू 387 मध्ये, मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत असताना, ओस्तियात झाला.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी सम्राट क्लॉडियसने सुरू केलेले आणि सम्राट ट्राजनने षट्कोनी गोदी खणून वाढवलेले पोर्तुस हे बंदर आणि ओस्तिया व पोर्तुस यांच्या मधली इसोला साक्रा दफनभूमी पाहावी. दफनभूमीतील थडग्यांवर लॅटिन आणि ग्रीक दोन्ही भाषांतले लेख आहेत आणि सुईण, शल्यवैद्य अशा सामान्य व्यावसायिकांची कामे करतानाची शिल्पे आहेत. या दोन्ही जागा ओस्तियाच्याच पुरातत्त्व उद्यानात मोडतात, पण त्यांच्या वेळा वेगळ्या व मर्यादित असतात आणि त्या मुख्य स्थळापासून चालत जाण्याजोग्या नाहीत. म्हणून आधी वेळा पाहाव्यात, वाहनाची सोय ठरवावी, आणि विमान पकडण्याच्या दिवशी त्या ठेवायच्या असतील तर सामानाची व्यवस्था अगोदर करूनच निघावे, कारण या जागांवर मोठ्या बॅगा ठेवण्याची सोय मिळेल असे गृहीत धरू नये.